काहून मॅडमनी न विचारलेला प्रश्न

आमच्या मॅडमना कोणी 'नमस्कार' म्हटलं, की त्या आधी त्या माणसाच्या मागे कोण उभं आहे ते पाहत. नमस्कार कशासाठी असावा याचा अंदाज आला, की मगच हात जोडत. सबंध कॉलेज त्यांना 'काहून मॅडम' म्हणायचं. आमच्या नागपूरकडे 'का' असं विचारायचं झालं तर 'काहून' म्हणतात, आणि मॅडमचं निम्मं बोलणं त्या एका शब्दात भागत असे. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, उद्या जरा लवकर या," की काहून? शिपायाने न सांगता चहा आणून ठेवला, की काहून? आणि एखादा बेशिस्त मुलगा सलग आठवडाभर वर्गात दिसला, तर मात्र त्या चष्मा काढून पदराने पुसत आणि हळू आवाजात विचारत, "काहून गा, घरी काही झालं का?"

मी त्यांच्या हाताखाली प्रवास आणि पर्यटन विभागात शिकवत होतो. हाताखाली म्हणजे असं, की त्या विभागप्रमुख होत्या आणि उरलेला विभाग मी होतो. मी तासिका तत्त्वावर होतो. जितके तास घ्याल तितक्यांचं मानधन, उन्हाळाभर घरी आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून मुलाखत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत मला सगळे 'प्राध्यापक साहेब' म्हणत आणि मी ते म्हणू देत असे. चाळिशी जवळ आली होती. दरवर्षी त्याच मुलाखतीला तोच शर्ट इस्त्री करून जाताना बायको काही बोलत नसे, आणि तिच्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास होई.

मी प्राचार्यांचा माणूस आहे, असा मॅडमचा पक्का समज होता. एकदा भर उन्हात प्राचार्यांनी मला आपल्या गाडीतून बर्डीच्या बाजारापर्यंत सोडलं, तेवढाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी तेच विचारलं. आधी म्हणाल्या, "काल ऊन लय होतं ना?" मग दुपारी, "प्राचार्यांच्या गाडीतला एसी चांगला आहे म्हणतात." आणि निघताना, पायऱ्यांवर, "काय म्हणत होते गा ते?" काहीच नाही म्हणत होते, हे खरं उत्तर त्यांना सगळ्यात संशयास्पद वाटलं. त्यानंतर बरेच दिवस मी खोलीत आलो की त्या कपाटाला कुलूप घालत आणि किल्ली कमरेला खोचत. कपाटात जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक इस्त्री होती.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट बसस्टँडवरची. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या एसटी स्टँडवर पाठवत. प्रवाशांना विचारायचं, कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी. मुलं काय करतात ते कोणालाही ठाऊक आहे. कँटीनमध्ये बसून तर्रीपोहे खातात आणि मनाने उत्तरं भरतात. एका वर्षी एका मुलाने वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं, की स्कार्फ बांधलेल्या एका बाईशी तो बराच वेळ बोलला, त्या भंडाऱ्याला देवदर्शनाला निघाल्या होत्या आणि महामंडळाच्या सेवेवर खूश होत्या. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून आपला गुलाबी स्कार्फ काढला, नागपूरच्या उन्हात गाडी चालवणाऱ्या बाया बांधतात तसा डोळे सोडून सगळ्या चेहऱ्याभोवती गुंडाळला, वर गॉगल चढवला आणि म्हणाल्या, "मी तुले इतकंच म्हटलं होतं, की सरक जरा, मले फलाट दिसून नाही राहिला."

भरून आलेल्या प्रश्नावलीवर त्यांचा कधीच विश्वास नसे. 'आपण या सहलीबाबत किती समाधानी आहात' या प्रश्नाखाली सगळीकडे 'अत्यंत समाधानी' दिसलं, की त्या गठ्ठा बाजूला सारत. "माणूस इतका समाधानी असता तर घरीच बसला असता," असं त्यांचं म्हणणं. त्यांना हव्या असत त्या अर्धवट सोडलेल्या प्रश्नावल्या. कोणी मध्येच उठून गेलं असेल, कोणी 'तुम्हाला काय करायचंय' म्हणून झटकलं असेल, तर त्या मुलांना ते वाक्य जसंच्या तसं लिहायला लावत. "हा माणूस खरा भेटला तुले," म्हणत. तेव्हा मला हा त्यांचा चक्रमपणा वाटायचा.

अशा बाईंच्या गळ्यात निवृत्तीच्या वर्षी राष्ट्रीय चर्चासत्र पडलं. विषय 'पर्यटन संशोधनाचे भविष्य'. तो प्राचार्यांनी वरून दिला होता, त्यामुळे पहिला संशय विषयावरच. फलकाचा मजकूर तपासता तपासता त्या म्हणाल्या, "ज्याचं भविष्य चांगलं असते, त्याच्यावर कोणी चर्चासत्र घेत नाही गा." दुसरा संशय प्रमुख पाहुण्यांवर. ते दिल्लीचे, मोठं नाव असलेले, आणि पहिल्याच फोनला हो म्हणाले होते. एवढा मोठा माणूस पहिल्या फोनला हो काहून म्हणतो, हे त्यांना कळेना.

ते लवकरच कळलं. आमच्या विभागाला संशोधन केंद्राची मान्यता मिळावी म्हणून अर्ज गेला होता, आणि जी समिती शिफारस करणार होती तिच्यात हे पाहुणे होते. मान्यता मिळाली तर विभाग टिकणार होता आणि मॅडमच्या जागी पूर्णवेळ माणूस भरला जाणार होता. तो माणूस मी असेन, असं प्राचार्यांनी मला स्वतःहून सांगितलं. मान्यता नाही मिळाली, तर मॅडम निवृत्त झाल्या की विभागाला कुलूप लागणार, हेही सांगितलं. मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "फक्त तुमच्या मॅडमना सांभाळा. पाहुण्यांना भर सभेत काहून काहून करू नका म्हणावं."

हे काम मलाच करायचं होतं. मी दोन दिवस शब्द जुळवले आणि शेवटी सरळच बोललो. "मॅडम, पाहुण्यांच्या भाषणानंतर तुम्ही प्रश्न विचारू नका."

"काहून?"

"माझी जागा आहे त्यात."

"प्राचार्यांनी सांगाले लावलं का तुले?"

"त्यांनी सांगितलं. पण त्यांनी नसतं सांगितलं तरी मी विचारलंच असतं."

मी खरं बोललो याचं त्यांना नवल वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "बरं. नाही विचारत." एवढंच. ना वाद, ना टोमणा. त्या इतक्या सहज कबूल झाल्या, की आता मलाच संशय येऊ लागला. ही बाई काहीतरी वेगळंच योजून बसली आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडमसोबत राहून राहून तुम्ही पण तसेच झाले."

आपल्याकडच्या चर्चासत्रांची रीत सर्वांना माहीत आहे. सकाळी नोंदणी, कापडी पिशवी आणि पेन. मग आपला निबंध वाचून झाला की माणूस जेवणाच्या रांगेत, आणि जेवण झालं की प्रमाणपत्राच्या टेबलापाशी, 'गाडी आहे' म्हणत. मॅडमनी सगळी प्रमाणपत्रं कपाटात कोंडली होती आणि समारोपाआधी कपाट उघडणार नव्हतं. अमरावतीचे एक प्राध्यापक फार काकुळतीला आले, तेव्हा मॅडमनी गाडीचं नाव विचारलं, फोनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची गाडी अजून गोंदियालेच आहे सर. बसा, संत्रा बर्फी घ्या." सभागृह शेवटपर्यंत भरलेलं राहिलेलं असं चर्चासत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे देखणे होते आणि बोलायचे छान. हिंदी-इंग्रजीत, मध्येच 'नागपूरकरांनो' म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की पर्यटन संशोधनात आता उन्हातान्हात फिरायची गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रवासी तयार करता येतात. तू अमुक वयाची, तमुक गावची बाई आहेस, अमुक ठिकाणी आली आहेस, एवढं यंत्राला सांगायचं, आणि मग त्या बाईला हवं ते विचारायचं. ती थकत नाही, कंटाळत नाही, उत्तर टाळत नाही. सभागृहातल्या पीएचडीच्या मुलांचे चेहरे खुलले. माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत, मॅडम हाताची घडी घालून बसल्या होत्या.

मग पाहुणे म्हणाले, की यजमानांसाठी मी खास नागपूरचं उदाहरण करून आणलं आहे. पडद्यावर अक्षरं आली, 'दीक्षाभूमीवरील ग्रामीण महिला पर्यटक'. खाली यंत्राने तयार केलेल्या शंभर बायांपैकी एकीचं चित्र. तिच्या नाकात मोत्याची नथ होती, अंगावर जरीची पैठणी होती आणि ती फार गोड हसत होती. पुढे तिची उत्तरं. तिला जवळपास चांगली हॉटेलं हवी होती, खाण्यापिण्याची एक छान जागा हवी होती आणि फोटो काढायला एक सुशोभित कोपरा हवा होता. एकूण अनुभवाबद्दल ती अत्यंत समाधानी होती.

मॅडमच्या घरातल्यांनी छप्पन्न साली याच भूमीवर दीक्षा घेतली, हे मला ठाऊक होतं. वडील उमरेडच्या कोळसा खाणीत होते. आई दर वर्षी पांढरं लुगडं नेसून, भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन, लेकरांसकट यायची, मैदानात चादर टाकून झोपायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. मॅडमनी हे मला एकदाच, परीक्षेचे पेपर तपासता तपासता सांगितलं होतं. आईला कोणी पर्यटक म्हटलं असतं तर तिनं त्याला पाणीही विचारलं नसतं, असं म्हणून त्या पुन्हा पेपर तपासू लागल्या होत्या.

आता मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चित्राकडेच पाहत होत्या. हाताची घडी तशीच होती, पण बोटं दंडात रुतली होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. माईक फिरवणारा आमचाच शिपाई. सवयीने तो थेट मॅडमपाशी येऊन उभा राहिला. सभागृहात खसखस पिकली. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. कोणाचा विश्वास बसेना. पाहुण्यांच्याही कानावर काही गेलं असावं. ते हसून म्हणाले, "मैडम, हमने तो सुना था, आप किसी को छोड़ती नहीं।"

"आज नाही सर," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता.

शिपायाला काय करावं ते सुचेना, त्याने माईक शेजारी, माझ्या हातात दिला. मी तो पुढे सरकवायचा होता. एवढंच करायचं होतं. मी आजवर अनेकदा मनाशी तपासून पाहिलं आहे, की मी तो पुढे का सरकवला नाही. मला कोणावर उपकार करायचे नव्हते, शूरपणाही दाखवायचा नव्हता. शेजारची बाई दिलेला शब्द दात आवळून पाळते आहे आणि समोर ती नथवाली हसते आहे, हे मला एकाच वेळी बघवेना, एवढंच मी सांगू शकतो. मी उभा राहिलो.

"सर, आम्ही लोकांना विचारायला जातो तेव्हा पुष्कळ जण सांगत नाहीत. उठून जातात. तुम्हाला काय करायचंय म्हणतात. तुमच्या या बायांपैकी किती जणी उठून गेल्या?"

पाहुणे म्हणाले, "यही तो फायदा है। कोई नहीं।"

"मग सर, यातली एकही बाई अजून तुम्हाला भेटलेली नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. पाहुण्यांनी पाणी घेतलं, तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे असं काहीसं बोलले, आणि प्राचार्यांनी घाईने आभार मानायला घेतले. मॅडमना मी गप्प बसायला लावलं होतं, त्या गप्प बसल्या होत्या, आणि बोललो मी होतो.

जेवताना मॅडम ताट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता शाबासकी. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "काहून बोलला गा तू? मले खूश कराले?"

"नाही मॅडम."

"मंग कोणाले?"

"कोणालाच नाही. ते चित्र बघवलं नाही."

त्यांनी माझा चेहरा नीट वाचला. मी खोटं बोलतोय असं दाखवणारं काहीतरी त्यात सापडेल, अशी त्यांना आशा असावी. ते सापडलं नाही. मग माझ्या ताटात आपल्या ताटातली बर्फी ठेवत त्या म्हणाल्या, "जागा गेली तुही. तुले समजते ना?" मी मान हलवली.

शिफारस आली नाही. कारण 'पायाभूत सुविधा अपुऱ्या' असं होतं, आणि ते खरंही असू शकेल, कारण आमच्या विभागात खरोखरच एक कूलर आणि एक कपाट होतं. पण मॅडमच्या तालमीत तयार झालेल्या माणसाचा अशा कारणावर विश्वास कसा बसावा. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "तुम्ही काय विचारलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर विचारलं," आणि मग पुष्कळ वेळ माझ्याशी बोलली नाही. मला मॅडमचा राग आला, प्राचार्यांचा आला, स्वतःचा तर आलाच. उन्हाळाभर तो राग घेऊन मी कोचिंग क्लासवाल्यांचे उंबरे झिजवले.

मॅडमचा निरोप समारंभ त्याच उन्हाळ्यात झाला. शाल दिली तर त्यांनी ती उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली. प्राचार्यांनी भाषणात 'विभागाचा आधारवड' म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. उत्तरादाखल त्या उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मी नक्की निवृत्तच होत आहे ना, अशी शंका येते." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात त्या भावाकडे उमरेडला राहायला गेल्या, आणि जूनमध्ये विभागाच्या दारावरची पाटी निघाली. त्या खोलीत आता झेरॉक्स मशीन आहे.

ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतो का? मी येऊन राहिली. गुडघे धरतात, कोणी सोबत पायजे." काम नव्हतंच, मी गेलो. त्या दिवशी तिथे किती माणूस असतो ते नागपूरकराला सांगायला नको. उमरेडकडच्या गावातली मंडळी एका झाडाखाली सतरंजी टाकून बसली होती, मॅडम त्यांच्यात मिसळून गेल्या होत्या. पांढऱ्या साडीत मी त्यांना प्रथमच पाहत होतो. एक म्हातारी मावशी भाकरीचं फडकं सोडत होती. जुनी सवय, मी सहज विचारलं, "मावशी, कोणत्या गावच्या तुम्ही? दर वर्षी येता का?"

मावशीचा हात थांबला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले कायले पायजे? कोणत्या ऑफिसचे तुमी?"

कुठल्याच ऑफिसचा नव्हतो. कुठल्याच कॉलेजचाही नव्हतो. चाळिशीला आलेला माणूस तिथे उभा होता आणि आपण कोण, हे त्याला एका म्हातारीला सांगता येत नव्हतं. मी उगाच इकडे तिकडे पाहू लागलो.

मॅडमनी मान वळवली नाही. गुडघ्याला तेल चोळता चोळताच म्हणाल्या, "माह्या विभागातला आहे, मावशी. सांग त्याले, काही भेव नाही."

मावशीने थोडं सरकून सतरंजीवर जागा केली. मी बसलो.